जबड्यात स्क्रू बसवताना किती दुखतं? एका जुन्या फिटरचा हिशेब

बत्तीस वर्षं मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फिटर होतो. भोकं पाडणं, आटे पाडणं, बोल्ट कसणं हेच काम. त्यामुळे डॉक्टर मॅडम जेव्हा म्हणाल्या, "काका, दाढेच्या जागी हाडात ड्रिल करून टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा," तेव्हा चारचौघांना वाटते त्याच्या दुप्पट भीती मला वाटली. ड्रिल काय करतं हे मला चांगलं ठाऊक. बिट तापला की धूर निघतो, चुरा निळा पडतो, हाताला झिणझिण्या येतात. हे सगळं कानापासून दोन इंचांवर होणार म्हटल्यावर त्या रात्री झोप आली नाही.

त्याला आता दीड वर्ष झालं. ऊस सोडून सगळं चावतो. ओळखीतलं कुणीही इम्प्लांट, म्हणजे हाच स्क्रू नि त्यावरची नवी दाढ, करायला निघालं की फोन मला येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "लई दुखतंय काय रं?" तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून काढतोय.

ज्याला घाबरून लोक दोन-दोन वर्षं खड्डा घेऊन फिरतात ते ड्रिल दुखत नाही. दुखतात ती दुसरीच कामं, आणि त्यांची तयारी करून कुणी जात नाही.

दवाखान्यात दुखण्याचा आकडा विचारतात, ० ते १०. माझं १० ठरलेलं आहे. डाव्या हाताचं बोट एकदा प्रेसमध्ये सापडलं होतं, ते १०. खालचे सगळे आकडे त्या मापानं घ्या. तुमचं बोट कधी प्रेसमध्ये सापडलं नसेल तर एखादा आकडा वाढवून धरा.

दाढ काढणं

माझ्याच चुकीनं ओढवलेलं एक दुखणं सोडलं तर सगळ्यात जास्त दुखलं ते इथं, आणि यात इम्प्लांटचा काही दोष नाही. खालची डावी पहिली दाढ, पूर्वी रूट कॅनाल केलेली. संक्रांतीला तिळाची वडी चावताना कट्‌ असा आवाज आला. दाढ उभी चिरली होती. मी तीन आठवडे मेडिकलमधून गोळ्या आणून ढकलले. गाल सुजला तेव्हा गेलो. आत पू झालेला असला की भूल नीट लागत नाही, हे मला तिथं कळलं. सुजलेल्या मांसात आम्लपणा वाढतो आणि औषधाचा जोर कमी पडतो. तीन इंजेक्शनं झाली तरी पूर्ण बधिर होईना. दाढ तुकड्यातुकड्यांनी निघाली. आकडा ६, रात्री थोडा वरच.

म्हणजे चिरलेली दाढ घेऊन माझ्यासारखं बसू नका. आणि सूज असताना डॉक्टर "आधी औषध घ्या, चार दिवसांनी काढू" म्हणाले तर "आजच काढा" म्हणून हटून बसू नका.

काहींना दाढ काढल्या काढल्या त्याच बैठकीत स्क्रू बसवतात. माझ्याकडे पू होता, म्हणून तीन महिने थांबून खड्डा भरू दिला.

जायच्या आधी

रक्तातली साखर आणि ब्लड प्रेशर तपासतात. मला मधुमेह आहे. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ७.१ आला. मॅडम म्हणाल्या चालेल, ८ च्या पुढं असता तर आधी साखर खाली आणा म्हणून परत पाठवलं असतं. साखर जास्त असली की जखम उशिरा भरते आणि पिकायची भीती असते, म्हणजे दुखणंही लांबतं.

चालू असलेल्या गोळ्यांची यादी कागदावर लिहून न्या. रक्त पातळ करायची गोळी असेल तर सांगा, पण आपल्या मनानं बंद करू नका. ते दाताच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल गोळ्या किंवा वर्षातून एकदाचं इंजेक्शन चालू असेल तर तेही आठवणीनं सांगा. या औषधांनी जबड्याचं हाड भरून यायला अडचण येऊ शकते. बायकांना हे इंजेक्शन बरेचदा चालू असतं आणि "दाताचा नि त्याचा काय संबंध" म्हणून त्या सांगत नाहीत. आमच्या घरातलं उदाहरण आहे. दमा किंवा पित्ताचा अल्सर असेल तरी बोला, कारण दुखणं मारायची कुठली गोळी द्यायची ते त्यावर ठरतं.

मग जबड्याचा थ्री-डी स्कॅन. हनुवटी टेकवून उभं राहायचं, यंत्र डोक्याभोवती एक फेरी मारतं, मिनिटाच्या आत मोकळे. दुखायचा प्रश्नच नाही. पण मला धीर आला तो इथंच. खालच्या जबड्यात हाडाच्या आतून एक नस जाते, ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी. खालच्या इम्प्लांटमध्ये खरं जपायचं ते तिला. मॅडमनी स्क्रीनवर रेघ ओढून दाखवली. हाडाच्या माथ्यापासून नसेपर्यंत १४ मिलिमीटर, स्क्रू १० मिलिमीटरचा, मधे ४ शिल्लक. २ मिलिमीटर तरी मोकळे ठेवायचेच असा त्यांचा नियम. म्हटलं, चला, ड्रॉइंग बघून काम चाललंय. तुम्हीही हे माप दाखवायला सांगा. लाजायचं कारण नाही, पैसे आपण देतोय.

घरची तयारी अशी. फ्रीजमध्ये बर्फ, दोन उशा, मऊ खायचं सामान. पुरुषांनी दाढी आदल्या दिवशी करून घ्यावी, नंतर तीन दिवस गालाला वस्तरा लावता येत नाही. पुढच्या चार-पाच दिवसांत लग्न, बारसं, जागर काही नको. भूल फक्त जागेपुरती देणार असतील तर उपाशी जायची गरज नसते. उलट व्यवस्थित जेवूनच जा, पुढं कधी जेवाल सांगता येत नाही. झोपेचं औषध देणार असतील तर मात्र ते सांगतील तसंच पोट रिकामं ठेवा.

तंबाखू. मी चुना-तंबाखूवाला. मॅडमनी सांगितलं, आधी एक आठवडा आणि नंतर दोन महिने बंद. विडी-सिगरेट, मिश्री, गुटखा सगळं त्यातच आलं. खोटं बोलणार नाही, स्क्रू बसवण्यापेक्षा तो आधीचा आठवडा मला जड गेला. त्याला आकडा देत नाही.

खुर्चीत

आधी हिरडीला जेल लावतात. मग सुई. जेलमुळे टोचणं कमी कळतं, पण औषध आत जाताना ताण येतो तो कळतो. आकडा ३, तोही अर्धा मिनिट. औषध जितकं सावकाश सोडतील तितकं कमी दुखतं, म्हणून आधीच सांगून ठेवा, "मॅडम, हळू सोडा." त्या औषधात थोडं ॲड्रेनलिन असतं, त्यानं काहींची छाती मिनिटभर धडधडते. माझी धडधडली आणि मला वाटलं झालं, गेलो. आधी माहीत असतं तर घाबरलो नसतो. हृदयाचा त्रास असेल तर हे औषध बेतानं वापरतात, म्हणून ते आधी सांगायचं.

दहा मिनिटांत अर्धा ओठ आणि अर्धी जीभ परक्याची झाली. ओठ भाकरीएवढा वाटतो, आरशात बघितला तर तेवढाच असतो. सुरुवात करण्याआधी टोकदार हत्यारानं टोचून विचारतात. खरं उत्तर द्या. "थोडं कळतंय" असेल तर थोडं कळतंय म्हणायचं, भिडेपोटी मान हलवायची नाही. बोलता येत नसल्यानं खूण ठरवून घ्या. आमची ठरली होती, डावा हात वर म्हणजे थांबा.

हिरडीला छेद दिला तो मला कळलाच नाही. मग ड्रिल. आधी २ मिलिमीटरचं, मग २.८, मग ३.५. आम्हीही मोठं भोक एकदम पाडत नाही, पायलट मारून वाढवत नेतो, तसंच. वेग विचारला तर म्हणाल्या, मिनिटाला साधारण ८०० फेरे. आणि सगळा वेळ वर थंड सलाइनची धार. आमच्याकडे दुधासारखं पांढरं कूलंट असतं, इथं मिठाचं पाणी. हाड ४७ अंशांना मिनिटभर जरी तापलं तरी तिथल्या पेशी मरतात आणि मग स्क्रू धरत नाही. म्हणून वेग कमी, धार मोठी आणि मधे मधे बिट बाहेर काढून चुरा मोकळा करायचा. हे बघितल्यावर माझा जीव निम्मा भांड्यात पडला. हाताखाली पोरगं असलं की मी हेच तर ओरडून सांगायचो.

काय कळतं? घरघर. ती कानानं ऐकू येत नाही, कवटीतून येते. दाब कळतो, घशाकडे जाणारं गार पाणी कळतं. दुखणं नाही. हाडाच्या गाभ्यात दुखणं सांगणारे तंतू कमी, ते जास्त करून हिरडीत आणि हाडावरच्या पातळ पापुद्र्यात, आणि तिथं तर भूल पोचलेली असते. पण डोकं काही ऐकत नाही, घरघर झाली की अंग आपोआप आखडतं. मी पायाची बोटं हलवत राहिलो, त्यानं बरं वाटलं. ड्रिलचा आकडा १, तोही भीतीचा. मात्र विजेसारखी तीक्ष्ण कळ आली तर सोसत बसू नका, हात वर करा. थांबतात, बघतात, लागलं तर आणखी भूल देतात.

खरं दुखला तो जबड्याचा सांधा. चाळीस मिनिटं आ करून बसायचं म्हणजे काय! आकडा ३. दातांत धरायला रबराचा ठोकळा मिळतो, तो मागून घ्या आणि मधे दोनदा तोंड मिटायला द्या म्हणावं.

शेवटी स्क्रू रॅचेटनं कसला. ३५ न्यूटन-सेंटीमीटर. मला हसू आलं, चार मिलिमीटरचा साधा बोल्ट कसायलासुद्धा याच्या कितीतरी पट जोर लागतो. हाडाला एवढाच पुरतो. जास्त आवळलं तर आटे धरणारं हाडच चेपतं. वर हिरडी शिवून टाकली, तीन टाके.

पहिले चार दिवस

खरा हिशेब इथं आहे.

घरी येताना कापसाची घडी चावून धरली होती, ती पाऊण तास तशीच ठेवली. भूल तीन तासांनी उतरली. दुखण्याची गोळी ती उतरण्याच्या आधी घ्यायची, लिहून दिलेली तीच आणि पोटात काहीतरी घालून. बहुतेक जण इथंच चुकतात. "अजून कुठं दुखतंय" म्हणून थांबतात, मग कळ सुरू झाल्यावर गोळी घेतात आणि ती लागू पडेपर्यंत तास-दीड तास कण्हत बसतात. मी वेळेवर घेतली. पहिल्या रात्रीचा आकडा ४. ठणका होता पण झोप लागली. सुजलेली दाढ घेऊन काढलेल्या तीन आठवड्यांतली एकही रात्र एवढी स्वस्त नव्हती.

पहिल्या दिवशी बर्फ फडक्यात गुंडाळून गालावर १५ मिनिटं ठेवायचा, १५ मिनिटं काढायचा. चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही. तोंडात ओढ बसली की जखमेवरची रक्ताची गाठ सुटते. लाळ लालसर येते, ती गिळा. उशा दोन घ्या, डोकं वर असलं की ठणका कमी होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला वाटलं, संपलं की! आणि दुपारपासून गाल वर यायला लागला. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सगळ्यात जास्त असते हे कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे काहीतरी बिघडलं असंच वाटलं. गालात लिंबू धरल्यासारखा मी दिसत होतो. दुखणं ३, पण तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. आता बर्फ बंद, कोमट मिठाच्या पाण्याच्या सावकाश गुळण्या. खळखळ करायची नाही, पाणी तोंडात घेऊन मान इकडं-तिकडं झुकवायची आणि सोडून द्यायचं. औषधी माउथवॉश दिला असेल तर तो सांगितलेल्या वेळेलाच. त्यानं चव जाते, चहासुद्धा बेचव लागतो, पण ते तात्पुरतं. लवंगेचं तेल, हळद, तुरटी जखमेवर काहीही लावायचं नाही. शेजारच्या मावशी लवंगेचं तेल घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांना चहा पाजून पाठवलं.

खायला पहिल्या दिवशी गार दूध, ताक, दहीभात. दुसऱ्या दिवसापासून मुगाची खिचडी, शिरा, आंबील, सगळं कोमट. चावायचं दुसऱ्या बाजूनं. तीळ, शेंगदाण्याचं कूट, शेव, पोहे टाळायचे. हे बारीक कण टाक्यात जाऊन बसतात.

हे मी शहाणपणानं सांगतोय पण मी काय केलं ते ऐका. चौथ्या दिवशी आकडा १ वर आला होता. मित्र म्हणाला, मिसळ खायला चल. गेलो. म्हटलं उजव्या बाजूनं खातो. कोल्हापूरची मिसळ कुठल्या बाजूनं खाल्ली हे तिला कळत नाही. कट सगळीकडे पसरला, फरसाणचा एक तुकडा टाक्याखाली शिरला. मी जिभेनं काढायला गेलो आणि रक्त सुरू. आकडा सरळ ७. मॅडमनी धुऊन काढलं, एक शब्द बोलल्या नाहीत. ते न बोलणंच लागलं. पुन्हा दोन दिवस खिचडी. पांढरा रस्सासुद्धा मी तीन आठवड्यांनी तोंडात घेतला.

दहाव्या दिवशी टाके काढले. चिमटा काढल्यासारखं, १.

फोन कधी करायचा? दुखणं रोज थोडं तरी उतरायला हवं. तीन दिवसांनंतर ते वाढायला लागलं, ताप आला, पू किंवा घाण वास आला, दाबून धरूनही रक्त थांबेना, तर वाट बघायची नाही. आणि एक खास: भूल उतरायची वेळ टळून गेली, दुसरा दिवस उजाडला तरी ओठ-हनुवटी बधिरच असेल तर त्याच सकाळी कळवा. दुखत नाही म्हणून ते चांगलं वाटतं, पण नसेवर दाब असू शकतो आणि त्यात वेळ महत्त्वाचा.

वरच्या दाढा आणि हाडाची भर

माझं हाड पुरेसं होतं. माझ्या मेहुण्याची वरची मागची दाढ होती. तिथं नाकाच्या बाजूची पोकळी जवळ येते आणि हाड पातळ असतं, म्हणून ती उचलून खाली हाडाची भर घालावी लागली. त्याला सूज माझ्यापेक्षा बरीच आली, डोळ्याखाली निळं पडलं. तो ५ म्हणतो. त्याला दोन आठवडे नाक शिंकरायला बंदी होती आणि शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. म्हणून दुसऱ्याचा आकडा ऐकताना त्याला भर घातली होती का, ते आधी विचारा.

दुखत नाही ते तीन महिने

पुढं तीन महिने आकडा ०. आणि माणूस खरा फसतो तो इथं.

१९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवून काही बघत होते. काम झाल्यावर काढायला गेले तर निघेना, हाड तिला चिकटून वाढलं होतं. त्यातूनच हे शास्त्र उभं राहिलं. १९६५ साली त्यांनी योस्टा लार्सन या माणसाच्या जबड्यात पहिले इम्प्लांट बसवले आणि ते त्यानं चाळीस वर्षं, २००६ मध्ये मरेपर्यंत वापरले. म्हणजे सिमेंट नाही, लॉकनट नाही, हाड स्वतःच पकडतं. त्याला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने लागतात, वरच्यात चार ते सहा.

सुरुवातीला स्क्रू धरून असतो तो नुसत्या आट्यांवर. मग चेपलेलं जुनं हाड विरघळतं आणि नवीन तयार होत असतं. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पकड उलट सगळ्यात ढिली असते. नेमकं तेव्हा दुखणं शून्य असतं. दुखत नाही म्हणून त्या बाजूनं शेंगदाणे फोडायला लागलात तर स्क्रू हलतो, आणि हललेला स्क्रू हाड धरत नाही. मी मोबाइलवर रोज दुपारी एकची आठवण लावली होती, "उजवीकडून".

तीन महिन्यांनी थोडी भूल देऊन हिरडी उघडली आणि वर टोपण बसवलं, हिरडीला आकार यावा म्हणून. आकडा २, एक दिवस. मग कॅप, म्हणजे स्क्रूवर बसणारी नवी दाढ. तिचं माप घेताना फक्त ओकारी येते, नाकानं श्वास घ्या. कॅप बसवताना आतला बारीक स्क्रू कसतात तेव्हा दाब कळतो. पण कसताना आत खोल दुखलं तर दात-ओठ खाऊन बसू नका, बोला. हाडानं धरलं नसल्याची ती खूण असू शकते.

कॅप बसली की निळा कागद चावायला देऊन उंची बघतात. यात घाई करू देऊ नका. खऱ्या दाताच्या मुळाभोवती मऊ पडदा असतो, त्यामुळे भातातला बारीक खडासुद्धा कळतो. इम्प्लांटला तो नाही. कॅप उंच राहिली तरी तुम्हाला पटकन कळणार नाही आणि सगळा भार तिच्यावर येत राहील. तसंच पुढं हिरडी बिघडली तरी बराच काळ दुखत नाही. ब्रश करताना रक्त येणं हीच खूण धरायची. फटीतून फिरवायचा बारीक ब्रश मिळतो, तो मी रोज रात्री वापरतो.

दाढ काढण्यापासून कॅपपर्यंत सात-आठ महिने लागले आणि सगळं मिळून ३८ हजार रुपये गेले, हप्त्याहप्त्यानं.

दर सहा महिन्यांनी दाखवायला जातो. मागच्या वेळी मॅडमनी आरशाच्या दांड्यानं कॅपवर हलकेच ठोकलं. मी म्हटलं, पुन्हा वाजवा. ग्राइंडरला नवीन दगड चढवण्याआधी आम्ही तो बोटात अडकवून असाच ठोकून ऐकतो. चिर असलेला दगड बद्द वाजतो. हा टण्ण वाजला.